वर्गणी देतात, पण सभेला येत नाहीत: इंदूर-पीथमपूरच्या नव्या कार्यकारिणीसाठी

युनियनची नवी कार्यकारिणी निवडून येते, हार घातले जातात, आणि तिसऱ्या सभेपासून खुर्च्या रिकाम्या दिसायला लागतात. मग "आपल्या लोकांना जाणच नाही" असं म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. बहुतेक ठिकाणी खरी गोष्ट वेगळी असते. लोकांना काही काम सांगितलेलंच नसतं. पर्ची फाडली, पैसे घेतले, "अडचण आली तर सांगा" म्हणून पाठवून दिलं. मग सभासदही युनियनकडे विम्यासारखंच बघतो: हप्ता भरलाय, आता तुमचं तुम्ही बघा.

हा लेख सांवेर रोड, पालदा किंवा पीथमपूरच्या शंभर ते तीनशे कामगारांच्या कारखान्यात पहिल्यांदाच सचिव, सहसचिव किंवा विभाग प्रतिनिधी झालेल्यांसाठी आहे. आकडे १८० कामगार आणि तीन पाळ्या धरून दिले आहेत. आपल्या हिशेबाने कमीजास्त करा.

आधी यादी, मग भाषण

पहिल्या पंधरा दिवसांत सभा घेऊ नका. यादी करा. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक कामगाराची एक ओळ: नाव, विभाग, पाळी, कोणत्या मशीनवर किंवा लाइनवर, कायम की ठेक्यावर (ठेक्यावर असेल तर ठेकेदार कोण), कुठे राहतो, कंपनीच्या कोणत्या बसने येतो, फोन. शेवटचा एक रकाना रिकामा ठेवा.

कार्यकारिणीतले पाच-सहा जण बसून आठवणीतून यादी करायला लागले की दोन तासांत एक गोष्ट कळते. आपल्या विभागातली माणसं तोंडपाठ असतात, पण रात्रपाळीची, पॅकिंगची आणि हाउसकीपिंगची नावंसुद्धा कोणाला ठाऊक नसतात. जिथे नावं येत नाहीत तिथे युनियन नाही, मग रजिस्टरात काहीही लिहिलेलं असो.

रिकाम्या रकान्यात अंक भरायचे. १ म्हणजे स्वतः काम उचलतो आणि दुसऱ्यांना आणतो. २ म्हणजे सांगितलं तर येतो. ३ म्हणजे वर्गणी देतो, पण बाकी तळ्यात-मळ्यात. ४ म्हणजे विरोधात. माहीत नसेल तर शून्य, आणि शून्य लिहायला लाजू नका. अंक माणसाच्या बोलण्यावरून देऊ नये. त्याने मागच्या सहा महिन्यांत काय केलं त्यावरून द्यावा. चहाच्या टपरीवर मॅनेजमेंटला शिव्या घालणारा आणि सहीची वेळ आली की संडासात जाऊन बसणारा ३ च असतो.

ही वही घरी राहते. कारखान्यात आणू नये, तिचे फोटो काढू नयेत, व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नयेत. अशी एक यादी बाहेर फुटली की पुढची दोन वर्षं कोणी तोंड उघडत नाही.

माणूस कोण, हे ओळखणं

पाळीवर रजा नाकारली, सुपरवायझर आडवा आला, मशीन अडली, तर बाकीचे कोणाकडे बघतात? तो माणूस शोधायचा. पुष्कळदा तो कमी बोलणारा, कामात पक्का आणि युनियनपासून चार हात लांब असतो. कार्यकारिणीला मात्र सवय असते ती मोठ्या आवाजाच्या माणसाची, कारण तो स्वतःहून पुढे येतो. त्याला बरोबर ठेवा, पण लाइन त्याच्या भरवशावर सोडू नका.

ओळखायची सोपी रीत: एका विभागातल्या पाच जणांना वेगवेगळं गाठून विचारा, "तुमच्याकडे काही झालं तर तुम्ही कोणाला विचारता?" तीन जणांनी एकच नाव घेतलं की तुमचा शोध संपला.

एकेकाशी बोलणं

सगळ्या कामाचं मूळ इथे आहे, आणि हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं. भाषण करणं सोपं असतं. एका माणसासमोर वीस मिनिटं बसून त्याचं ऐकणं अवघड.

जागा गेटची नको, तिथे दहा डोळे असतात. पीथमपूरला जाणाऱ्या बसमध्ये शेजारची सीट चांगली, पण मागचा ऐकतो हे लक्षात असू द्या. घरी गेलात तर उत्तम. परदेशीपुऱ्यात, सुदामानगरात, रामबागेत रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला कोणी नाही म्हणत नाही. तुम्ही पाव वेळ बोला, पाऊण वेळ त्याला बोलू द्या. बोलणं असं जातं:

"दादा, गेल्या महिन्यात ओव्हरटाइम किती झाला?"
"चोवीस तास."
"दुप्पट दराने मिळाला?"
"काय माहीत! स्लिप कुठे देतात आपल्याला."
"मग तासांचा हिशेब कुठे लिहून ठेवता?"
"डोक्यात असतो."
"तुमच्या लाइनवर असे किती जण आहेत?"
"सगळेच की, आठही जण."
"मग सोमवारपर्यंत त्या आठ जणांचे गेल्या महिन्याचे तास एका कागदावर लिहून आणाल?"

इथे थांबायचं. हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर जी शांतता येते ती आपल्याला सहन होत नाही आणि आपण लगेच म्हणतो, "नाही जमलं तर राहू द्या, मी बघतो." त्या एका वाक्याने सगळं पाण्यात जातं. त्याला विचार करू द्या. तो हो म्हणाला तर वार आणि वेळ ठरवून घ्या. नाही म्हणाला तर कारण विचारा. भीती असेल तर ती खोटी ठरवू नका, आणि त्याहून लहान काम सांगा.

कामाचं माप असं: आठ जणांचे तास लिहिणं जमतं; "सगळ्यांना जागं करा" हे कोणालाच जमत नाही. काम एका आठवड्यात संपणारं आणि झालं की नाही ते डोळ्यांना दिसणारं असावं. सोमवारी कागद घ्यायला तुम्ही स्वतः जा. तुम्हीच विसरलात, तर पुढच्या वेळी तोही विसरेल.

एका कार्यकर्त्याने आठवड्याला तीन जणांशी बोलावं, त्याहून जास्तीचा हट्ट नको. सहा जण लागले तर दहा आठवड्यांत १८० माणसं होतात. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी वहीतला अंक बदला.

दर बारा माणसांमागे एक

१८० कामगारांना पंधरा विभाग प्रतिनिधी लागतात. एकाकडे पंचवीस माणसं दिली की तो फक्त निरोप फॉरवर्ड करतो. प्रत्येक पाळीचा, प्रत्येक बसचा माणूस हवा. दिवसपाळीच्या प्रतिनिधीने रात्रपाळी सांभाळायची ही व्यवस्था कागदावरच चालते.

प्रतिनिधीची कामं तीनच ठेवा: आपल्या बारा जणांची यादी ताजी ठेवणं, कार्यकारिणीचा निरोप ४८ तासांत प्रत्येकाला तोंडी देऊन त्याचं उत्तर परत आणणं, आणि महिन्याची वर्गणी. "उत्तर परत आणणं" यावर जोर आहे. निरोप वरून खाली जातो, खालून वर काही येत नाही, ही बहुतेक युनियनांची जुनी दुखणी. पंधरा प्रतिनिधींची बैठक दर पंधरवड्याला, पाऊण तास, आणि प्रत्येकाने फक्त एवढंच सांगायचं: बारापैकी किती जणांशी बोललो, ते काय म्हणाले.

कामं वाटून कशी द्यायची हे इंदुरात शिकायला लांब जायला नको. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिरवणुकीत निघणाऱ्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले हलते देखावे, गिरणी कामगारांनी उभ्या केल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, तिच्या कामगारांच्या थकलेल्या रकमेचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या गिरण्यांचे भोंगेही थांबले. तरी झांक्या निघत राहिल्या. तिथे सुतारकाम येणाऱ्याला सांगाडा मिळतो, वायरमनला मोटर आणि दिवे, बोलक्या माणसाला चंदा. "सहकार्य करा" असं मोघम आवाहन करून कोणतीच झांकी उभी राहिली नसती.

पहिला मुद्दा कोणता घ्यायचा

वेतन करार हा पहिला मुद्दा कधीच नको. पहिला मुद्दा असा हवा की तो बऱ्याच जणांना लागू आहे, मनाला लागणारा आहे आणि महिना-दोन महिन्यांत सुटू शकतो. पगाराची स्लिप, पिण्याचं पाणी, बसची वेळ, सेफ्टी बुटांचा साइझ, ठेका कामगारांचा पीएफ. शेवटचा मुद्दा विशेष चांगला, कारण पुरावा कामगाराच्या खिशातच असतो: सरकारच्या उमंग ॲपवर यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) टाकून पासबुक उघडलं की पगारातून कापलेली रक्कम खात्यात जमा झाली की नाही, महिन्यावार दिसतं. दहा जणांच्या स्लिपा आणि दहा पासबुकं शेजारी ठेवली की वाद घालायला काही उरत नाही.

मागणी मोजता येईल अशी लिहा. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली तेव्हाच्या मागण्या आजही नमुना म्हणून वाचाव्यात: आठवड्यातून एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. सगळ्या अशा की उद्या जाऊन बघता येईल, झालं की नाही. "कामगारांना सन्मानाची वागणूक मिळावी" या मागणीला मॅनेजर हसून हो म्हणतो आणि काहीच बदलत नाही.

सह्यांचा कागद

नवख्या युनियनसाठी यासारखी दुसरी परीक्षा नाही. कागदाचा अर्धा भाग मजकुराला, चार-पाच ओळी पुरेत, हिंदीत. खाली सह्या रांगेत न घेता गोलाकार घ्या, म्हणजे पहिली सही कोणाची हे कळत नाही. पहिला कोण, हीच सगळ्यांची भीती असते.

कागद चार ते पाच दिवसांत फिरवून संपवा. पंधरा दिवस रेंगाळला की सुपरवायझर एकेकाला केबिनमध्ये बोलावतो. प्रत्येक प्रतिनिधीने आपल्या बारा जणांच्याच सह्या घ्याव्यात, आणि आधी वहीत अंदाज लिहून ठेवावा. अंदाज दहाचा आणि सह्या पाच, तर तो प्रतिनिधी वाईट नाही, त्याचा अंदाज चुकला. त्याच्याबरोबर बसून त्या पाच नावांवर पुन्हा बोला.

दोनतृतीयांश सह्या झाल्याशिवाय, म्हणजे १८० पैकी १२०, कागद आत देऊ नका. साठ सह्यांचा कागद दिलात तर १२० जण तुमच्याबरोबर नाहीत हे तुम्हीच मॅनेजमेंटला लिहून दिलंत. कमी पडल्या तर गुपचूप थांबा आणि भेटींकडे परत जा.

द्यायला अध्यक्ष-सचिवांनी एकटं जायचं नाही. प्रत्येक विभागातला एक, असे आठ ते बारा जण जा, जेवणाच्या सुट्टीत. प्रत्येकाने आपल्या लाइनचं एक वाक्य बोलायचं, ते आदल्या दिवशी दोनदा म्हणून बघायचं. पॅकिंगच्या ताईने "आमच्याकडे पाण्याचा नळ दोनशे पावलांवर आहे" म्हणणं आणि सचिवाने तेच म्हणणं यात फरक पडतो. प्रतीवर तारखेसह पोच घ्या. परत आल्यावर त्याच दिवशी, तिन्ही पाळ्यांना, काय बोलणं झालं ते कळलं पाहिजे.

ठेका कामगारांची सही या कागदावर घाईने घेऊ नका. ठेकेदार उद्यापासून "येऊ नको" म्हणू शकतो. त्यांचा मुद्दा कायम कामगारांनी सहीने मांडावा, त्यांची कागदपत्रं खासगीत गोळा करावीत, आणि ते संख्येने पुरेसे तयार झाले की मग त्यांना पुढे येऊ द्यावं. मात्र त्यांना सभेला बोलवायचंच नाही, ही चूक महागात पडते. तीन वर्षांनी लाइनवर अर्धे तेच असतात.

सभा

गेट मीटिंग सात मिनिटांची. सुटलेल्या पाळीला बस पकडायची असते, लागणाऱ्या पाळीला पंच करायचं असतं. एकच विषय, एकच वक्ता, शेवटी एकच काम.

मोठी सभा दोन महिन्यांतून एकदा, एक तास. रविवारी ११ वाजता ठेवलीत तर रात्रपाळीवरून आलेला झोपलेला असतो. म्हणून एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी अशी आलटून पालटून ठेवा. पाच मिनिटं मागच्या निर्णयांचं काय झालं, दहा मिनिटं हिशेब, अर्धा तास एका मुद्द्यावर सभासदांचं बोलणं, शेवटी कामांची वाटणी, नाव आणि तारखेसह. पाहुण्या नेत्याचं भाषण हवंच असेल तर दहा मिनिटं, आणि ते शेवटी. आधी ठेवलंत तर सभा तिथेच संपते.

बायका येत नाहीत अशी तक्रार असेल तर आधी सभेची वेळ आणि जागा बघा. संध्याकाळी सातला, पहिल्या मजल्यावर, जिथे पंचवीस पुरुष आणि स्वच्छतागृह नाही, तिथे कोणी का यावं? सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला कोणाच्या तरी अंगणात ठेवा, मुलांना आणू द्या.

भाषेचं भान आपल्या मराठी लोकांना खास ठेवावं लागतं. कार्यकारिणीत चार मराठी असले की सभा संपल्यावर कोपऱ्यात मराठीत बोलणं सुरू होतं, आणि माळव्याच्या खेड्यातून किंवा बिहारातून आलेल्या पोराला वाटतं, निर्णय तिथे होतात. त्याचं वाटणं पुष्कळदा बरोबरही असतं. नोटीस, हिशेब, सभा हिंदीतच. मराठी घरी आणि गणपतीत.

व्हॉट्सॲपचा मोठा ग्रुप फक्त सूचनांपुरता, ॲडमिननेच लिहायचं असा. त्यात लिहिलेलं एचआरपर्यंत पोचतंच असं धरून चाला. "१४२ जणांनी बघितलं" याचा अर्थ १४२ जण येणार असा होत नाही; येणार का, ते तोंडी विचारावं लागतं.

पैसा

असंघटित क्षेत्राबाहेरच्या शहरी कामगारासाठी जुन्या ट्रेड युनियन कायद्यात किमान वर्गणी वर्षाला १२ रुपये होती. त्यात पावतीपुस्तकंही छापून होत नाहीत. महिन्याला ५० ठेवलीत तर १२० देणाऱ्यांचे ६,००० होतात: छपाई, प्रवास, वकिलाची फी याची सोय लागते.

कामगाराच्या लेखी संमतीने पगारातून परस्पर कापून घेण्याचा मार्ग आहे आणि खजिनदाराला तो फार आवडतो. पहिली दोन वर्षं तरी त्या वाटेला जाऊ नये. हातोहात वर्गणी म्हणजे प्रत्येक सभासदाशी वर्षातून बारा वेळा गाठ. "या महिन्यात नाही देणार" असं कोणी म्हणाला की काहीतरी बिनसलं आहे हे तुम्हाला त्याच दिवशी कळतं. पगारातून कापणाऱ्याला ते निवडणुकीत कळतं.

पावतीपुस्तकांवर छापील क्रमांक हवेत, कोणतं पुस्तक कोणाकडे याची नोंद हवी, बँकेत दोघांच्या सह्या हव्यात. दर महिन्याच्या १० तारखेच्या आत जमाखर्च एका पानावर लिहून प्रतिनिधींना द्या. चहाचे ३४० रुपयेसुद्धा लिहा. मोठा घोटाळा क्वचितच होतो. न दाखवलेल्या छोट्या खर्चांवरून मात्र युनियना फुटतात.

दिवाळीचा फुगा

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सभासद वाढतात, कारण बोनस जवळ येतो. किमान ८.३३ टक्के तर कायद्यानेच आहे. चर्चा होते ती त्यावरच्या टक्क्यांची, आणि ती बंद खोलीत चौघे जण करतात. बोनस हातात पडला की नोव्हेंबरात सगळं सामसूम. यावर उपाय म्हणजे बोनसच्या काळातच माणसांना कामं देणं. ताळेबंदाची प्रत मागण्याचं पत्र कोण लिहील, मागच्या तीन वर्षांचे टक्के कोण काढील, प्रत्येक विभागाचं मत कोण गोळा करील. आणि डिसेंबरचा मुद्दा दिवाळीआधीच ठरवून जाहीर करायचा.

कायद्यातलं, कामापुरतं

औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे युनियन, वाद आणि संप यांचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यातल्या चार-पाच गोष्टी प्रत्येक प्रतिनिधीला पाठ हव्यात. नोंदणीकृत युनियनकडे आस्थापनेतल्या किमान १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जे कमी असेल तेवढे, पण सातपेक्षा कमी नाही, इतके सभासद कायम हवेत. नोंदणीपुरते दाखवून भागत नाही. एकापेक्षा जास्त युनियना असतील तर मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन वाटाघाटीचा एकटा हक्क मिळवते. कोणाकडेच तेवढा नसेल तर युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद बनते आणि तिथे २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी असतो. म्हणून ती वही महत्त्वाची.

२० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, दोन्ही बाजूंचे सारखे, एकूण दहापर्यंत सदस्य. कामगारांच्या जागांवर नेहमीच्याच चौघांना न बसवता नव्या प्रतिनिधींना पाठवा. शिकायला याहून चांगली जागा नाही. मॅनेजमेंट सूड उगवेल अशी भीती असेल तर संरक्षित कामगारांची (वाद चालू असताना ज्यांना परवानगीशिवाय काढता येत नाही अशा पदाधिकाऱ्यांची) यादी दरवर्षी वेळेत द्या: एकूण कामगारांच्या १ टक्का, पण किमान ५ आणि कमाल १००. आपल्या १८० मध्ये पाच नावं बसतात.

आणि उत्साहाच्या भरात कोणी म्हणालं, "संप नको, सगळे एकाच दिवशी सुट्टी टाकू", तर त्याला थांबवा. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकत्र रजा घेतली तर संहितेत तो संपच धरला जातो, आणि संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते.

अर्जांचे नमुने आणि राज्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे जुन्या फायलीतली झेरॉक्स वापरू नका. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय आपल्याच गावात, एम. जी. रोडवर मोती बंगल्याला आहे. तिथून ताजा नमुना घ्या. वार्षिक विवरण भरायला सचिवाने एकट्याने जाऊ नये, दर वर्षी दोन नवे प्रतिनिधी बरोबर न्यावेत. एकाने सभासद रजिस्टर धरायचं, दुसऱ्याने जमाखर्च, आणि पोच घेतल्यावर तिची एक प्रत प्रत्येक विभागाच्या प्रतिनिधीकडे जायची.